लाभार्थी क्रमांक दोन

"अभिनंदन! तुमचं वजन एकोणपन्नास किलो!"

एका बाईचा गोड आवाज शाळेच्या पटांगणभर घुमला आणि दोनशे चौदा पोरांची तोंडं एकदम माझ्याकडे वळली. मी काट्यावर उभी होते. पटकन उतरून पळावं की तिथंच डोळे मिटून उभं राहावं, हे मला ठरवता येईना.

तो काटा बोलणारा होता. पुण्याच्या 'खमखमीत फूड्स' नावाच्या फरसाणाच्या कंपनीनं तो आमच्या खैरापूर नगरपरिषदेला भेट दिला होता. पायाखाली काचेची चौकट आणि समोर दांड्यावर डबा. डब्यातली बाई कुणाचंही वजन सांगताना आधी अभिनंदन करायची. माझ्या आधी आमच्या वर्गातला नुसता हाडांचा सांगाडा असलेला बंड्या कुंभोजकर चढला होता. त्याचंही अभिनंदन झालं होतं.

"थांब, उतरू नकोस," असं म्हणत ढोबळे साहेब माझ्याकडे आले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की हरवलेली वस्तू सापडावी तसं ते माझ्याकडे बघत होते. "बेंद्रे मॅडम! एक मिळाली!"

दत्तात्रय ढोबळे हे नगरपरिषदेचे आरोग्य निरीक्षक. एरवी गटारांवर पावडर मारून घेणं, मोकाट डुकरांच्या तक्रारी ऐकणं, ही त्यांची कामं. माणूस भरदार होता. शर्टाची पोटावरची दोन बटणं नेहमी ताणलेली असायची. सकाळी काटा चालतो का ते बघायला तेच पहिल्यांदा चढले होते आणि डब्यातल्या बाईनं चौऱ्याण्णव किलोबद्दल त्यांचं अभिनंदन केल्यावर म्हणाले होते, "नवीन मशीन आहे. थोडं पुढं आहे." घड्याळ पुढं असतं तसं.

केतकी बेंद्रे मॅडम कंपनीच्या. पुण्याहून पंधरा दिवसांनी एकदा गाडीनं यायच्या, गळ्यात ओळखपत्र, हातात रजिस्टर. त्यांनी माझं नाव विचारलं.

"शलाका रणपिसे."

मॅडमनी वर बघितलं. मागून मराठीच्या सरांनी कारण नसताना खुलासा केला, "शलाका म्हणजे काडी."

दोनशे चौदा पोरं हसली. त्या दिवसापासून मी 'काडी' झाले.

योजनेचं नाव 'हलकी पावलं'. लहान मुलांचा लठ्ठपणा वेळेत रोखायचा आणि ते काम नगरपरिषद आणि कंपनीनं अर्धं अर्धं करायचं, असा करार झाला होता. अडचण एकच होती. योजनेला तीस जाड मुलं हवी होती आणि खैरापुरात तेवढी नव्हती. सहा शाळा पालथ्या घातल्यावर तीन सापडली. त्यातला एक नगराध्यक्षांचा पुतण्या. नगराध्यक्ष म्हणाले, "आमच्या घराण्यात कुणी जाड नाही. आमची हाडं रुंद आहेत." पुतण्या यादीतून गेला. दुसरा तालमीत जाणारा. त्याचा बाप शाळेत येऊन ढोबळे साहेबांच्या टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "चार वर्षं दूध-बदाम घालून पोरगं उभं केलंय, आणि तुम्ही ते वाळवणार?" तोही गेला.

राहिले मी. एका नगरपरिषदेची आणि एका कंपनीची सगळी भागीदारी माझ्या एकटीवर येऊन पडली.

मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक झाली. मला कोपऱ्यात स्टुलावर बसवलं होतं.

"सहा महिन्यांत पाच किलो," बेंद्रे मॅडम म्हणाल्या. "आहार आमच्याकडे, व्यायाम तुमच्याकडे."

"म्हणजे अडीच किलो आमचे, अडीच तुमचे," ढोबळे साहेबांनी लिहून घेतलं.

"पण आहारानं तीन कमी झाले तर?"

"ते कसं ओळखायचं? कमी झालेल्या किलोवर शिक्का असतो का?"

यावर दोघांनी बराच वेळ विचार केला. शेवटी अर्धं अर्धंच ठेवायचं ठरलं. मग मॅडमना आठवलं, की मीही खोलीत आहे. त्या वाकून म्हणाल्या, "शलाका, वुई आर व्हेरी एक्साइटेड. हो ना?"

मी मान हलवली. मला घरी जायचं होतं.

कंपनीचा आहार दुसऱ्या दिवशी खोक्यातून आला. नाचणीच्या काड्या. फरसाण कंपनीनं मन मारून केलेल्या असाव्यात तशा त्या लागायच्या. आईनं एक चावून बघितली, गालात फिरवली आणि म्हणाली, "हे खाऊन नाही, चावून वजन कमी होत असेल." आमच्या शेजारच्या शेळीनं एक काडी हुंगली आणि तोंड फिरवून खुंट्याला बांधलेला स्वतःचा दोर चघळायला लागली.

आई शिवणकाम करायची. बाबा एसटीत ड्रायव्हर, दोन दोन दिवस बाहेर. त्यामुळे आमच्या घरात टेप गळ्यात घातलेली आई हीच काय ती सत्ता. तिनं खोकं माळ्यावर टाकलं आणि मला नेहमीसारखी भाकरी, भाजी आणि वर ताक दिलं. फक्त तळणं बंद केलं. मला विचारलंही नाही.

व्यायाम नगरपरिषदेचा. रोज सकाळी सहाला ढोबळे साहेब स्कूटरवर आमच्या दारात यायचे. मी पुढं चालायचे आणि ते मागून पहिल्या गिअरमध्ये फट फट फट करत यायचे. "हात हलव! पाय उचल! शाब्बास!" लोक दारात दात घासत उभे राहून बघायचे. एकदा एका म्हातारबुवांनी साहेबांना विचारलं, "काय केलं हो पोरीनं?" त्यांना वाटलं, मला पकडून नेतायत.

महिनाभर असं चाललं. महिन्यानं काट्यानं अभिनंदन केलं ते एकोणपन्नास किलोंबद्दलच. एक पाव इकडे नाही, की तिकडे नाही. बेंद्रे मॅडमचा चेहरा पडला. "आमचा आहार तर चोख आहे," त्या म्हणाल्या. म्हणजे चूक व्यायामाची. ढोबळे साहेबांना ते फार लागलं. त्यांनी विचार केला आणि त्यांच्या डोक्यातून एक नोटीस निघाली.

ती मी पहिल्यांदा बघितली शकूरभाईंच्या वडापावच्या गाड्यावर. शाळा सुटली होती. सगळ्या पोरींबरोबर मी गाड्यापाशी गेले, तर शकूरभाई माझ्याकडे बघेनात. गाड्याच्या काचेवर माझा फोटो चिकटवलेला होता. काट्यावर उभी असतानाचा, डोळे अर्धे मिटलेले. खाली छापलं होतं:

'सर्व खाद्यपदार्थ विक्रेत्यांस सूचित करण्यात येते की, वर दर्शविलेल्या बालिकेस तळीव पदार्थांची विक्री करू नये. सदर बालिका इतरत्र तळीव पदार्थ खाताना आढळल्यास नगरपरिषदेच्या आरोग्य विभागास तात्काळ कळवावे. आदेशावरून.'

"बेटा, मेरे हात में कुछ नहीं," शकूरभाई हळूच म्हणाले. "साहेबांची सही आहे."

नोटीस सगळीकडे होती. भेळवाल्याकडे, बसस्टँडवरच्या कँटीनमध्ये, अगदी सुतारकाम करणाऱ्या पवारांच्या दुकानातही. ते काही तळत नव्हते, पण चिकटवणाऱ्यानं चिकटवली होती. वर्गातली पोरं तर खूश झाली. बंड्या कुंभोजकरनं मला मधल्या सुट्टीत गाठून विचारलं, "भजी पायजेत का? चोरून आणतो. कुणाला सांगू नको." त्यानं ते चांगल्या मनानं विचारलं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी त्याला दप्तर मारलं.

त्या दिवशी घरी येऊन मी मशीनखाली, पायट्याच्या शेजारी जाऊन बसले. पायट्यावर आईचे पाय होते. आईनं मशीन थांबवलं.

"काय झालं?"

मी दप्तरातून शकूरभाईंच्या काचेवरची नोटीस काढून तिच्या हातात दिली. मी ती फाडून आणली होती. आईनं ती दोनदा वाचली. तिनं टेप गळ्यातून काढला नाही, की चपला नीट घातल्या नाहीत. माझा हात धरून ती थेट नगरपरिषदेत गेली.

ढोबळे साहेब टेबलावर पान लावत बसले होते.

"साहेब," आई म्हणाली, "हा कुणाचा फोटो आहे?"

"वहिनी, बसा ना. योजनेचा भाग आहे तो. मुलीच्या भल्यासाठीच..."

"कुत्रं चावरं असलं की अशी पाटी लावतात. ही चावते का?"

खोलीतले दोन कारकून लिहायचे थांबले.

"तुमचा फोटो लावू का गावभर? लिहू का खाली, यांना भजी देऊ नका म्हणून? माझ्याकडे तुमची पँटची मापं आहेत, साहेब. मी कधी कुणाला सांगितली?"

हे खरं होतं. साहेबांच्या पँटी आईच शिवायची. साहेबांचा चेहरा पांढरा झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आईच्या पदराआड होते, तरी बरीचशी दिसत असणार. मग ते उठले, कोपऱ्यातली एक पिशवी घेतली आणि बाहेर गेले. संध्याकाळी मला शाळेतल्या पोरींनी सांगितलं, की आरोग्य निरीक्षक स्वतः बादलीत पाणी घेऊन गावातल्या एकूण एक काचेवरून नोटिसा खरवडत होते. पवार सुतारांच्या दुकानात तर त्यांनी पटाशी मागून घेतली.

मी ठरवलं होतं, की आता चालायला जायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी सहाला दारात स्कूटरचा आवाज आला नाही. कडी वाजली. बाहेर ढोबळे साहेब उभे होते, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. ते त्यांच्या मुलाचे असावेत, टाचा बाहेर आल्या होत्या.

"स्कूटर बिघडली?" आईनं विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले. "लहानपणी मला पोरं ढोल्या म्हणायची. ढोल्या ढोबळे. मी विसरलो होतो, वहिनी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आजपासून मीपण चालतो. तू पुढं हो. नाहीतर तू मागं हो. कसं म्हणशील तसं."

आई माझ्याकडे बघत राहिली. ती जा म्हणाली नाही, की नको म्हणाली नाही. मी चपला घातल्या.

गावाच्या पश्चिमेला टेकडीवर पाण्याची टाकी आहे. तिथवर जायला दोनशे बारा पायऱ्या. पहिल्या दिवशी साहेब पंधराव्या पायरीवर बसले. कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "इथून गाव छान दिसतं नाही?" तिथून फक्त एक म्हशीचा गोठा दिसत होता. दुसऱ्या दिवशी वीस झाल्या. तिसऱ्या दिवशी परत पंधरा, कारण आदल्या संध्याकाळी कुणाकडे तरी बारसं होतं.

"काय होतं जेवायला?" मी विचारलं.

"जिलेबी."

"किती?"

"तू काय माझी आई आहेस का?" साहेब म्हणाले. मग चार पायऱ्या चढून गेल्यावर हळूच म्हणाले, "नऊ."

हळूहळू असं झालं, की मला सकाळ आवडायला लागली. साहेबांना गावातली प्रत्येक पाइपलाइन माहीत होती. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो सोडायचा राहिला, तर कोण सगळ्यात आधी भांडायला येतं, हे ते चालता चालता सांगायचे. मी त्यांना वर्गातल्या गोष्टी सांगायचे. वर पोचायला आम्हाला दोन महिने लागले. ज्या दिवशी दोनशे बारावी पायरी आली, त्या दिवशी साहेबांनी टाकीला हात लावला आणि धापा टाकत म्हणाले, "बावीस वर्षं या टाकीच्या स्वच्छतेच्या दाखल्यावर सही करतोय. आज पहिल्यांदा बघितली." मग माझ्याकडे वळून घाबऱ्या आवाजात, "हे कुणाला बोलू नकोस."

सहा महिने संपले. सांगता समारंभ नगरपरिषदेच्या सभागृहात होता. व्यासपीठावर नगराध्यक्ष, कंपनीचे मालक, ढोबळे साहेब आणि बेंद्रे मॅडम. मधोमध तो काटा, त्याला झेंडूचा हार. समोर सगळी शाळा, पुढच्या रांगेत आई. कंपनीनं पाहुण्यांसाठी अल्पोपाहार ठेवला होता, फरसाण आणि बुंदीचे लाडू.

"आता आपली छोटी मैत्रीण शलाका काट्यावर येईल," मॅडम माईकवरून म्हणाल्या, "आणि पाच किलोंचा चमत्कार आपण सगळे बघू!"

टाळ्या झाल्या. मी चढले.

"अभिनंदन! तुमचं वजन पन्नास किलो!"

आधी कुणाला कळलंच नाही. मग शेवटच्या रांगेतून बंड्या ओरडला, "एक वाढला!" आणि सगळं सभागृह फुटलं.

नगराध्यक्ष मालकांकडे वळले. "आम्ही तर रोज चालवली. आहार तुमच्याकडे होता."

"आमचा आहार तज्ज्ञांनी ठरवलेला आहे," मालक म्हणाले. "चालण्यातच काहीतरी कमी पडलं."

"वाढलेला किलो तुमचा!"

"करारात अर्धं अर्धं लिहिलंय. अर्धा किलो तुमचाही आहे!"

माईक चालू होता. एक किलो कुणाचा, यावरून नगराध्यक्ष आणि मालक भांडत होते आणि तो किलो अंगावर घेऊन मी मधोमध उभी होते. माझे कान तापले होते. ढोबळे साहेब उठले आणि माईकजवळ आले.

"पोरीची काही चूक नाही," ते म्हणाले. "एक दिवस चुकली नाही ती. काय चुकलं असेल ते माझं. लिहायचं तर माझ्या नावावर लिहा."

"थांबा," खालून आवाज आला. आई पायऱ्या चढून वर येत होती. टेप गळ्यात होता. "शिकलेली माणसं तुम्ही. पोरीची उंची कुणी मोजली का?"

मॅडमनी रजिस्टर चाळलं. "उंची मोजायची पट्टी नगरपरिषद देणार होती..."

"मागणीपत्र गेलेलं आहे," ढोबळे साहेब पुटपुटले.

आईनं टेप काढला, माझ्या डोक्यापासून टाचेपर्यंत धरला आणि माईकशिवाय सांगितलं, तरी शेवटच्या रांगेला ऐकू गेलं. "जूनमध्ये गणवेश शिवला, तेव्हा एकशे अडतीस सेंटीमीटर होती. आज एकशे त्रेचाळीस. खालची दुमड मी दोनदा उसवली. आणि कंबर," तिनं टेप माझ्याभोवती फिरवला, "दीड इंच आत. पोरगी वाढतेय. वाढणाऱ्या पोराचं वजन कमी करत नाहीत, त्याला वाढायला जागा देतात."

बेंद्रे मॅडमनी रजिस्टरच्या मागच्या पानावर भराभर काहीतरी आकडेमोड केली आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "बरोबर आहे! उंचीच्या मानानं वजन खाली आलंय!" पण सभागृहाला ते कळेना. लोकांना किलो हवे होते.

"किलोच पाहिजेत ना?" आई म्हणाली. "मग यांना चढवा. यांची पँट मी तीन वेळा आत घेतलीय."

ढोबळे साहेब मागे सरकले. पण पोरं "साहेब! साहेब!" असं ओरडायला लागली आणि मीच त्यांचा हात धरून त्यांना काट्यावर नेलं.

"अभिनंदन! तुमचं वजन त्र्याऐंशी किलो!"

मॅडमनी रजिस्टरचं पहिलं पान उघडलं. चाचणी नोंद: चौऱ्याण्णव.

नगराध्यक्ष शाळेत गणितात कच्चे होते म्हणे, पण त्या क्षणी त्यांनी जो हिशोब केला तसा मी आजवर कुणाला करताना बघितला नाही. "अकरा गेले, एक आला, दहा राहिले," ते माईकवर गरजले. "उद्दिष्ट पाच किलोंचं! नगरपरिषदेनं दुप्पट काम केलं!"

"भागीदारीनं," मालकांनी माईक ओढून घेतला. "पाच आमचे, पाच तुमचे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दोघांनी एकमेकांना लाडू भरवले. मॅडम मात्र चिंतेत पेन चावत होत्या, कारण योजना बालकांची होती. शेवटी त्यांनी रजिस्टरात ओळ आखली आणि लिहिलं: 'लाभार्थी क्रमांक दोन. द. वि. ढोबळे. इयत्ता: लागू नाही.'

योजना दुसऱ्या दिवशी बंद झाली. काटा टेम्पोत चढवून दुसऱ्या गावाला गेला. मला मोकळं वाटायला हवं होतं. सकाळी सहाला जाग आली. अंथरुणात पडून मी कडीचा आवाज येतो का ऐकत राहिले. नाही आला. बरोबरच होतं. साहेबांची ड्यूटी संपली होती. त्यांना आता डुकरांच्या तक्रारी होत्या. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. आई चुलीपाशी होती, तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि परत चहाकडे वळली.

मी उठले, चपला घातल्या आणि नगरपरिषदेच्या क्वार्टर्सकडे चालत गेले. पोचले तेव्हा कळलं, की काय हाक मारायची तेच मला माहीत नाही. सहा महिने मी त्यांना साहेब म्हणत होते. पण साहेबाला कुणी फाटकातून हाक मारतं का? मी फाटकाचा गज धरून उभी राहिले आणि गल्लीतल्या पोरी मला मारतात तशी हाक मारली.

"ढोबळे काकाऽऽ! येताय का?"

दार उघडलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि हसू दाबायला पदर तोंडाला लावला. मग आत वळून म्हणाल्या, "अहो, उठा. नुसते तासभर कूस बदलताय. तुम्हाला खेळायला बोलवायला आलंय कुणीतरी."

आत काहीतरी धडपडल्याचा आवाज झाला. आणि मग बनियनवर शर्ट चढवत, एका पायात बूट आणि एक बूट हातात घेऊन, आमच्या गावचे आरोग्य निरीक्षक पायरीवर आले आणि म्हणाले, "मला वाटलं, तू येणार नाहीस."